लेखनिकाची चूक

तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नीलम्मा सिस्टर माझ्या दारात आल्या नाहीत. दोन वर्षांत असे एकदाही घडले नव्हते. पाटावर इन्सुलिनच्या दोन बाटल्या, कापूस आणि लाल टोपणाची सिरिंज मांडून मी वाट पाहत बसलो होतो. सव्वासहा झाले तसा मला राग आला. साडेसहापर्यंत तो इतका पक्का झाला की बाई आल्यावर त्यांना ऐकवायचे एक वाक्यही मी मनात बांधून ठेवले. स्वतः वेळ चुकवणाऱ्याने दुसऱ्याला वेळ शिकवू नये, अशा आशयाचे ते वाक्य संस्कृतात होते. त्यातले क्रियापद मी दोनदा बदलले आणि मग बाईंना नीट लागावे म्हणून त्याचे मराठीही करून ठेवले. वाक्य चांगले होते... त्या वेळी समोरच्या बंद दाराआड, माझ्यापासून पंधरा पावलांवर, बाई मृत पडलेल्या होत्या.

साडेसहाला त्यांच्या शिकवणीच्या मुली आल्या. दार उघडेना म्हणून आरडाओरडा झाला, कुलूपवाल्याला आणले, दार उघडले. बाई उंबऱ्याच्या आतच पडल्या होत्या. पायांत चपला, मनगटावर घड्याळ, पदर कमरेला खोचलेला. माझ्याकडेच यायला निघाल्या होत्या. हृदय थांबले, सहाच्या सुमारास, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. शिकवणीतली सर्वांत जुनी, शाहीन नावाची मुलगी रडत माझ्या दारात आली आणि म्हणाली, "आजोबा, सिस्टर गेल्या." मी विचारले, "कुठे?" माझ्या स्वरात तोवर तो राग तसाच होता, आणि त्या मुलीने तो ऐकला.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात शोकसभा झाली. बाईंच्या तसबिरीला हार घातला होता. एका वक्त्याने त्यांना 'वात्सल्याची मूर्ती' म्हटले, दुसऱ्याने 'मृदुभाषी', तिसऱ्याने तर 'अजातशत्रू'. मी वयाने सर्वांत मोठा, शिवाय त्यांचा शेजारी, म्हणून शेवटी मला उभे केले. मी म्हणालो, "बाई मृदुभाषी नव्हत्या आणि त्यांचा एक शत्रू इथे उभा आहे." एवढे बोलून मी खाली बसलो. लोकांना ते आवडले नाही. जाताना एकाने माझ्या मुलाला फोन करून माझ्या प्रकृतीची चौकशी केली, असे मला मागाहून कळले. माझी प्रकृती उत्तम आहे. त्या दिवशी अपुरे राहिलेले बोलणे आज पुरे करतो आहे, इतकेच. मृतांविषयी गोडच बोलावे हा संकेत मला ठाऊक आहे, आणि देवाधर्माचे मी आयुष्यभर केले आहे. पण ज्या बाईंनी जन्मभर एकही गोष्ट साखर घालून सांगितली नाही, त्यांना साखरेत घोळून निरोप देणे मला अधिक मोठा अपराध वाटतो.

माझा परिचय दोन ओळींत देतो. मी आधी पाठशाळेत आणि पुढे सोलापुरातच एका महाविद्यालयात संस्कृत शिकवले. जुन्या पोथ्यांचे पाठ शुद्ध करणे हे माझे दुसरे काम. पोथीची नक्कल करणारा लेखनिक माणूसच असतो. तो ओळ गाळतो, शब्द पुढेमागे करतो, वरच्या ओळीतले अक्षर खाली आणतो. अशी चूक हेरून मूळ कर्त्याने काय लिहिले असेल ते उभे करायचे, यात माझे डोळे आणि बरेचसे आयुष्य गेले. या कामाने माणसाला एक सवय लागते. समोरचा मजकूर खटकला की चूक लिहिणाऱ्याची आहे, वाचणाऱ्याची नव्हे, असे तो धरून चालतो.

नीलम्मा सिस्टर मैंदर्गीच्या. घरात कन्नड, बाहेर तिकडची मराठी. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षे काढून, वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका म्हणून निवृत्त होऊन त्या आमच्या मजल्यावर समोर राहायला आल्या. एकट्याच होत्या. आल्या त्याच महिन्यात त्यांनी शिकवणी सुरू केली. नर्सिंगचे शिक्षण आणि इथली नोंदणी झालेल्या मुलींनाही आखाती देशांतल्या रुग्णालयांत काम करायचे असेल तर तिकडच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते. संगणकासमोर बसून प्रश्नामागून प्रश्न सोडवायचे असतात. त्या परीक्षेच्या आधी सगळा अभ्यास एकदा झरझर उजळून घेण्यासाठी माळशिरसपासून मुली त्यांच्याकडे येत. बाईंनी पिवळी कार्डे केली होती. एका कार्डावर एकच गोष्ट. आणि ती मुलींकडून त्या मोठ्याने म्हणवून घेत, आमच्या सामायिक व्हरांड्यात, अगदी माझ्या पूजेच्या वेळी.

मी पुरुषसूक्त म्हणू लागलो की दाराबाहेरून आवाज येई, "पोटॅशियम किती?" दहा मुली ओरडत, "साडेतीन ते पाच!" "सुईनं थेट शिरंत ढकलायचं?" "कधीच नाही!" "ढकललं तर?" "हृदय बंद!" हे रोज. देवाला स्नान घालताना 'हृदय बंद' ऐकणे मला असह्य झाले. मी एक चिठ्ठी लिहिली. सभ्य होती. प्रातःकाळच्या उपासनेत विक्षेप होऊ नये, एवढीच विनंती. चिठ्ठी त्याच दिवशी परत आली. मागे लाल शाईत लिहिले होते : 'पूजा अर्ध्या तासानं मागं सरली तर देव मरत नाही.'

मी समोर जाऊन उभा राहिलो. बाई दारातच होत्या. म्हणाल्या, "बोला शास्त्रीबुवा."

"ही भाषा शेजाऱ्याशी बोलण्याची आहे का?"

"मग कुणाशी बोलायची? तुमी बी पाठच म्हणता, आमी बी पाठच म्हणतो. तुमचा चुकला तर देव माफ करतो. आमचा चुकला तर कोण माफ करनार, सांगा की."

मुली हसल्या. मी परत फिरलो. त्या दिवसापासून आमच्यात वैर सुरू झाले, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, ते दोन्ही बाजूंनी निष्ठेने पाळले गेले.

या वैरात माझी नात सापडली. वैदेही ही माझ्या मुलाची मुलगी. मुलगा बार्शीला शिक्षक आहे. माझी पत्नी गेल्यानंतर मला सोबत म्हणून आणि तिच्या शिक्षणासाठी ती माझ्याकडे राहू लागली. पाचव्या वर्षापासून तिने माझ्याजवळ स्तोत्रे पाठ केली होती. एक काना इकडचा तिकडे होत नसे. तिने संस्कृत घ्यावे असे मला फार वाटे. तिने नर्सिंग घेतले. दुसऱ्यांची मलमूत्रे काढण्याचे काम, असे मी त्या वेळी म्हणालो होतो, आणि हे शब्द मी परत घेऊ शकत नाही, कारण ते बोलून झाले आहेत. माझा मधुमेह वाढला आणि मला दोन प्रकारचे इन्सुलिन सुरू झाले, तेव्हा रोज सकाळी माझ्या दंडात सुई टोचणारी तीच होती. माझे हात कापतात, म्हणून हे मला स्वतःला जमणार नाही, असे मी सर्वांना सांगितले होते.

वैदेहीला परदेशी जायचे होते. तिथल्या एका रुग्णालयाने तिला निवडलेही होते, फक्त परवाना हवा होता. त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तीनच वेळा बसता येते. तिसऱ्यांदा नापास झाली तर ते दार कायमचे बंद. दुसऱ्या निकालानंतर ती दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी उठून समोरच्या दारात गेली. मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. ती मात्र रोज सकाळी मला सुई टोचून, पिवळी कार्डे घेऊन व्हरांड्यात जात राहिली.

मग एक दिवस बाईच माझ्या घरात आल्या. वैदेही सुई कशी टोचते ते त्यांना पाहायचे होते. मी सोवळ्यात होतो. म्हणालो, "तिथेच थांबा. आत येऊ नका." त्या थांबल्या. उंबऱ्याबाहेरून सगळे पाहिले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हातात लोखंडी घडीची खुर्ची घेऊन. सरळ आत येऊन माझ्या बैठकीच्या मधोमध ती उलगडली आणि बसल्या. "तुमच्या कशाला शिवत न्हाई मी. माझी खुर्ची हाय, माझ्या खुर्चीवर बसलेय." जाताना घडी घालून दारामागे ठेवली. "राहू द्या हितंच. उद्या परत आनायला नको." ती खुर्ची मग गेलीच नाही.

नातीवर रुसून किती दिवस राहणार... मी तिला मदत करायचे ठरवले. तिला शब्दांचा अर्थ समजत होता, लक्षातही राहत होते, पण परीक्षेत घाबरल्यावर क्रम निसटत असे. क्रम धरून ठेवण्याचे शास्त्र माझ्याइतके त्या इमारतीत कोणाला ठाऊक होते? मी तिच्याकडून पिवळी कार्डे घेतली आणि त्यांतल्या गोष्टी अनुष्टुभ छंदात बांधू लागलो. कोणत्या औषधावर कोणता उतारा, कोणते औषध देण्याआधी नाडी मोजायची, मॅग्नेशियम देताना गुडघ्याचा झटका का पाहायचा... असे अकरा श्लोक झाले. त्यांत मला आनंद झाला हे लपवत नाही. कितीतरी वर्षांनी ती पुन्हा माझ्यासमोर मांडी घालून बसली होती, आणि मी म्हटलेले तसेच्या तसे म्हणत होती. बाहेर व्हरांड्यात शाहीनने तिला छेडलेले मी ऐकले : "वैदेही, पेशंटला सुई देनार का सत्यनारायण घालनार गं?" तिकडे बाईंचा आवाज आला, "हसू नको. तुला तर मराठीत बी पाठ व्हत न्हाई." मला तो माझा विजय वाटला.

परीक्षेला चार दिवस उरले होते. सकाळी बाई आल्या, खुर्ची उलगडली आणि वैदेहीला म्हणाल्या, "आज तोंडी न्हाई. आज हातानं. आजोबाची सुई भर, मी बगते."

माझ्या दोन बाटल्यांपैकी एकीतले औषध पाण्यासारखे निर्मळ असते. ते लवकर काम करते. दुसरीतले गढूळ असते आणि सावकाश काम करते. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये भरायची असतात. आधी दोन्ही बाटल्यांत हवा सोडायची, मग दोन्हींतून औषध ओढायचे. यातला क्रम चुकून गढुळाचा अंश निर्मळ बाटलीत गेला, तर त्या बाटलीचा लवकर काम करण्याचा गुण बिघडतो आणि पुढच्या प्रत्येक मात्रेचा भरवसा जातो. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या लेखी ते फक्त एक कार्ड होते.

वैदेहीने गढूळ बाटली तळव्यांत हलकेच घोळवली. तिचे ओठ हलत होते. ती माझा श्लोक म्हणत होती. गढुळात हवा सोडली. निर्मळात हवा सोडली. मग सुई पुन्हा गढुळात घातली, औषध ओढले, आणि तीच सुई निर्मळ बाटलीच्या बुचात शिरली. तेवढ्यात बाईंनी तिचे मनगट पकडले. पकडले म्हणणे सौम्य आहे. बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते. सिरिंज काढून घेतली, बाटली उचलली आणि दोन्ही बाजूला ठेवली.

"ही बाटली मेली आता. कुणी शिकवलं हे?"

वैदेहीने माझ्याकडे पाहिले. "आजोबांचा श्लोक आहे."

"म्हना शास्त्रीबुवा."

मी म्हटला, सुरात म्हटला. "आविले निर्मले वायुराविलान्निर्मलाद्रसः."

"आता मराठीत."

"आविल म्हणजे गढूळ. गढुळात, मग निर्मळात हवा. गढुळातून, मग निर्मळातून औषध."

"पोरी, माझ्या कार्डावर काय हाय? वाच."

वैदेहीने कार्ड काढून वाचले. "हवा : गढूळ, निर्मळ. औषध : निर्मळ, गढूळ."

"मग हे बदललं कुणी?"

मी उत्तर दिले, आणि पूर्ण विद्वत्तेने दिले. म्हणालो, "पहिल्या ओळीत गढूळ आधी आहे आणि दुसरीत नंतर आले आहे. उतरवून घेताना अशी उलटापालट नेहमी होते. मला ती लेखनिकाची चूक वाटली. मी पाठ शुद्ध केला."

"लेखनिक म्हंजे कोन?"

"ज्याने नक्कल उतरवली तो."

"म्हंजे मी."

मी गप्प बसलो नाही, हा माझा त्या दिवशीचा दुसरा अपराध. श्लोकात शब्द कोणत्याही क्रमाने येऊ शकतात, ऐकणाऱ्याने अन्वय लावायचा असतो, शब्दांच्या क्रमाहून अर्थाचा क्रम बलवान मानावा असे आमच्या शास्त्रातच ठरले आहे, असे काहीतरी मी बोलू लागलो. बाईंनी हात वर केला. "इल्लरी," त्या म्हणाल्या. कन्नडात याचा अर्थ 'नाही हो'. आदराचा प्रत्यय लावून इतका अनादर करता येतो, हे मला त्यांच्याकडून कळले. "इल्लरी शास्त्रीबुवा. तुमची पोथी शंभर वर्सं पडून ऱ्हाते, तुमी येऊन नीट करेस्तोवर. माझा पेशंट अन्वय लागंपत्तुर थांबत न्हाई." मग त्या वैदेहीकडे वळल्या. "आन तू? कार्ड हातात हाय. वाचता येतं. मग हात आजोबाचं का ऐकतो?"

वैदेही म्हणाली, "आजोबांचा पाठ चुकत नाही, सिस्टर."

देवघरातला दिवा तेवत होता... त्यानंतर मला पुष्कळ कठोर शब्द ऐकावे लागले, त्यांतले निम्मे याच बाईंचे. पण या एका वाक्यासारखे दुसरे कोणतेही लागले नाही, आणि ते प्रेमाने बोललेले होते.

बाई उठल्या, खुर्चीची घडी घातली. दारात थांबून म्हणाल्या, "उलटं करून बगा की. बसतंय का तुमच्या चालीत?"

मी बोटांवर अक्षरे मोजली. आविले निर्मले वायुर्निर्मलादाविलाद्रसः. बसत होते. पाचवे अक्षर लघु, सहावे गुरू, कुठेही दोष नाही. किंबहुना मधले दोन निर्मल जवळ आल्याने ओळ आधीपेक्षा चांगली झाली होती. छंदाने मला भाग पाडले नव्हते. मला कोणीच भाग पाडले नव्हते.

"बसतंय," बाई माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या. "दिसतंय की." आणि गेल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी उरलेले दहा श्लोक मागवून घेतले. वैदेहीकडून एकेकाचा अर्थ लिहून घेतला आणि कागद मला परत पाठवला. नऊ श्लोकांवर लाल फुली होती. 'नाडी साठच्या खाली असेल तर थांबणे : कुठे आहे?' 'यात कोणते औषध ते कळत नाही.' एका ठिकाणी नुसते 'सुंदर. निरुपयोगी.' मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले. माझा कागद असा तपासून कोणी परत केला नव्हता. तो कागद मी फाडला नाही, कारण फाडला असता तर बाईंना ते कळले असते.

वैदेही उत्तीर्ण झाली. पुण्याच्या केंद्रावरून तिचा फोन आला तेव्हा मी विचारले, "इन्सुलिनचा प्रश्न आला का?" आला होता. पायऱ्यांचा क्रम लावायचा होता. "मग श्लोक उपयोगी पडला?" ती खोटे बोलत नाही, हे मीच तिला शिकवले. म्हणाली, "आजोबा, श्लोक नाही आठवला. मनगट आठवलं." मी पेढे घेऊन समोर गेलो. माझ्या बाजूने तो तहाचा प्रस्ताव होता. बाईंनी पुडा उघडून पाहिला. "साखरेच्या पेशंटनं पेढे आनले. उद्या दमा असलेला उदबत्ती घेऊन यील." आणि एक पेढा उचलून दार लावून घेतले.

वैदेही जाण्याच्या आदल्या दिवशी मला टोचायचे कोणी, हा प्रश्न आला. तिने कोणाला विचारले ते मला आधी सांगितले नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दार वाजले. मी म्हणालो, "आपल्याला मी आवडत नाही. मग हे कशासाठी?" बाई हात धूत होत्या. "पेशंट आवडायला लागत न्हाई," त्या म्हणाल्या. एवढेच.

त्यानंतरची दोन वर्षे मी कसे वर्णन करू... रोज त्या येत, लोखंडी खुर्ची उलगडून बसत, बाटल्या समोर मांडत आणि म्हणत, "म्हना." मी तो श्लोक, दुरुस्त केलेला, मोठ्याने म्हटल्याखेरीज त्या सिरिंजला हात लावत नसत. पहिल्या दिवशी मी नकार दिला. त्या बसून राहिल्या. पाऊण तास बसल्या. शेवटी मी म्हटला. मला ती शिक्षा वाटे. चुकलेल्या विद्यार्थ्याला वर्गासमोर उभे करतात तशी, फक्त ती कधी संपतच नव्हती. मध्येच त्या सिरिंज माझ्या पुढे करत. "आज तुमी भरा." मी म्हणे, "माझे हात कापतात." "हात कुटं कापतात? गंध लावताना कापत न्हाईत, पोथी धरताना कापत न्हाईत." मी दंड पुढे करत असे. "मी मेल्यावर काय करनार?" "दुसरी परिचारिका शोधीन. सौम्य पाहून." "मिळंल की. पन ती म्हनून घेनार न्हाई."

एकादशीवरून आमचे सर्वांत मोठे भांडण झाले. सुई घेतली की अर्ध्या तासात खायलाच हवे, हा त्यांचा नियम. मी साठ वर्षे निर्जळा केलेली. त्या माझ्या समोर बसून राहिल्या आणि स्वतःच्या घरातून आणलेली भाकरी माझ्या पानात वाढली, माझ्या सोवळ्याच्या पानात. मी ती खाल्ली. खाताना त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यानंतर मी त्यांच्याशी एक महिना 'म्हणा'ला उत्तर देण्यापुरतेच बोललो.

या दोन वर्षांत एकदाच, एकदाच, त्यांनी मला काही विचारले. सिरिंज भरता भरता म्हणाल्या, "आविल म्हंजे गढूळच न्हवं? का घान?" मी सांगितले की घाण नव्हे. तळाशी काही बसलेले असते आणि हलवल्यावर वर येते, ते आविल. त्यांनी ती गढूळ बाटली उजेडात धरली आणि पाहत राहिल्या. "मग हे माझंच नाव ठिवलं की तुमी." मला हसू आले होते. मी ते दाबले. आज वाटते, दाबायला नको होते... पण असे आज वाटणे सोपे आहे, आणि बाईंना सोप्या गोष्टींचा राग होता.

आता त्या गुरुवारकडे परत येतो. बाईंना खाली नेले, मैंदर्गीला निरोप गेला, जिन्यात माणसे जमली. साडेसातच्या सुमारास शाहीन माझ्या घरात आली. डोळे सुजलेले. "आजोबा, तुमची सुई राहिली. सिस्टर रागावतील." मेलेल्या माणसाच्या रागाची तिला अजून भीती होती, आणि मलाही. तिने सिरिंज हातात घेतली. तिचा हात इतका थरथरत होता की सुईचे टोक बुचावर टेकेना. मी म्हणालो, "दे इकडे."

दारामागची लोखंडी खुर्ची काढली आणि खिडकीजवळ, उजेडात, उलगडून तिच्यावर बसलो. त्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसत होतो. बाटली घोळवली. श्लोक मोठ्याने म्हटला. गढुळात हवा, निर्मळात हवा. निर्मळातून औषध, गढुळातून औषध. चिमटीत कातडी धरली आणि टोचले. माझा हात कापला नाही, किंचितही नाही. बाईंचे निदान दोन वर्षे बरोबर होते, याचा मला त्या क्षणीही राग आला.

तेराव्यानंतर त्यांचा भाचा सामान न्यायला आला. भला माणूस आहे. त्याने विचारले, "काका, आत्याची एक लोखंडी खुर्ची होती म्हणे, तुमच्याकडं हाय का?" मी म्हणालो, "नाही. ही माझी आहे." त्र्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात मी जाणूनबुजून जे थोडके खोटे बोललो, त्यातले हे एक. बाईंची एक वस्तू त्यांना न विचारता मी ठेवून घेतली आहे. त्यांना हे मुळीच आवडले नसते. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि त्यांनी मला केली असेल अशी आशाही मी धरत नाही. गुरुवारी बांधलेले ते वाक्यही अजून माझ्याजवळ आहे. व्याकरणाने ते निर्दोष आहे. फक्त बाई उशिरा आल्या नव्हत्या, निघाल्या वेळेवरच होत्या, एवढी एक चूक त्यात आहे, आणि या वेळी ती लेखनिकाची नाही.

आता रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी ती खुर्ची उलगडतो. बाटली तळव्यांत घोळवतो आणि श्लोक म्हणतो, समोरच्या दारापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. मग थोडा थांबतो. 'इल्लरी' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे क्रम बरोबर असावा.